बोटांचा सिनेमा

पॅरिसचं गार द लियाँ स्थानक. तिकीटखिडकीपुढे प्रवाशांची वर्दळ आहे. एका बाईने पर्स काखेत दाबून धरली आहे. शेजारून एक हात येतो, पर्स अलगद ओढून घेतो आणि त्याच क्षणी तिथे घडी घातलेलं वर्तमानपत्र सरकवतो. काखेत काहीतरी आहे एवढं बाईला जाणवत असतं, तेवढ्यावर ती निर्धास्त असते. पर्स एका हातातून दुसऱ्या हातात जाते, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि कॅमेरा तिच्यामागे अशा ओघाने जातो की ती कुठून निघाली हे आपणही विसरतो. मग गाडीचा डबा. अरुंद मार्गिकेतून माणसं एकमेकांना वाट करून देत सरकताहेत. एकाच्या कोटाचं बटण सुटतं, आतलं पाकीट बाहेर येतं, नोटा निघून जातात आणि रिकामं पाकीट परत मालकाच्याच खिशात जाऊन बसतं. चोरीचा मुद्देमाल घरपोच करणारे चोर!

या दृश्यात फारसं कुणी बोलत नाही. धक्काबुक्की नाही, पाठलाग नाही. पाहताना आपला हात नकळत स्वतःच्या खिशाकडे जातो आणि त्याच वेळी हे तिघे पकडले जाऊ नयेत असंही वाटत राहतं. रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘पिकपॉकेट’ या 1959च्या चित्रपटातला हा भाग आहे. अख्खा चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा. पण त्याच्या शेवटच्या एका मिनिटाने एका अमेरिकन लेखक-दिग्दर्शकाला असं पछाडलं, की तो तेच मिनिट पुढची चाळीस वर्षं पुन्हा पुन्हा चित्रित करत राहिला. गुन्हेगारी कथा म्हणावी तर यात रहस्य नाही, आणि हा पोलिसी थरारपट नव्हे असं चित्रपट सुरू होतानाच पडद्यावर लिहून येतं. मग हे सगळं पकड घेतं कशाच्या जोरावर?

आधी गोष्ट. मिशेल हा पॅरिसमधला एकटा तरुण. माळ्यावरची कळकट खोली, पुस्तकांचे ढीग, आणि नीट बंदही न होणारं दार. आई आजारी आहे, पण तो तिला भेटायचं टाळतो; पैसे द्यायचे तर शेजारच्या झान नावाच्या मुलीच्या हाती देतो. झाक नावाचा एक सरळमार्गी मित्र त्याला नोकरी मिळवून देऊ पाहतो. मिशेलला नोकरीत रस नाही. तो लाँगशाँच्या रेसकोर्सवर जातो, एका बाईच्या मागे उभा राहतो आणि तिच्या पर्सची पकड बोटांनी उघडतो. सगळ्यांच्या नजरा शर्यतीवर खिळलेल्या आहेत. घोडे आपल्याला दिसत नाहीत. टापांचा आवाज तेवढा जवळ येतो आणि दूर जातो. बाहेर पडताना मिशेलला जगाचा मालक झाल्यासारखं वाटतं. पुढच्याच क्षणी त्याला पोलीस धरतात. पुरावा नसल्यामुळे सोडूनही देतात.

इथून तो या धंद्यात रुतत जातो. एक मुरलेला उस्ताद भेटतो, मग तिसरा साथीदार. आई मरते. इन्स्पेक्टर जवळ जवळ येत राहतो. साथीदार पकडले जातात, मिशेल देश सोडून पळतो, परततो, आणि शेवटी त्याच रेसकोर्सवर एका माणसाच्या खिशात हात घालतो. तो माणूस पोलीस असतो. मिशेलच्या मनगटात बेडी पडते.

यातला उस्ताद म्हणजे कसाजी. हा खरोखरच हातचलाखीचे प्रयोग करणारा कलाकार होता. मूळचा ट्युनिशियाचा. ब्रेसाँने त्याला पडद्यावर घेतलंच, शिवाय चोरीच्या सगळ्या तंत्राची जबाबदारीही त्याच्याकडे सोपवली. त्यामुळे पडद्यावर दिसतं ते बोटांनी खरोखर केलेलं काम आहे, संकलनाने जुळवलेला आभास नाही. बोटांना लवचिकपणा यावा म्हणून मिशेल कॅफेतल्या पिनबॉलच्या यंत्रावर खेळत बसतो. मनगटावरचं घड्याळ सोडवायचा सराव तो टेबलाच्या पायावर करतो. पायाला घड्याळ बांधायचं आणि दोन बोटांनी पट्टा मोकळा करायचा. तिसरा साथीदार झालेला पिएर एतेक्स हा तर चक्क विनोदी कलावंत. झाक तातीबरोबर काम केलेला आणि सर्कशीत रमणारा हा माणूस पुढे स्वतः दिग्दर्शक झाला, लघुपटासाठी ऑस्करही घेऊन गेला. जादूगार आणि विदूषक यांना ब्रेसाँने चोर केलं यात मला फार मजा वाटते. प्रेक्षकाची नजर दुसरीकडे वळवायची आणि हाताने भलतंच करायचं, हे तिन्ही धंद्यांचं समान भांडवल!

पण खरी कमाल चोरीत नाही. ब्रेसाँने पात्रांच्या चेहऱ्यांचं जे केलं, ती कमाल आहे.

मिशेल झालेला मार्टिन लासाल हा उरुग्वेत जन्मलेला तरुण. तो नट नव्हता. झान झालेली मारिका ग्रीनही तेव्हा नवखी पोर होती. (आजच्या इव्हा ग्रीनची ही आत्या.) ब्रेसाँ व्यावसायिक नट जवळजवळ टाळतच असे, आपल्या माणसांना तो ‘मॉडेल’ म्हणायचा. मूळचा तो चित्रकार, त्यामुळे शब्द तिथूनच आला असावा. या मॉडेलना तो एकच वाक्य, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायला लावी. दहाव्या-विसाव्या वेळी माणूस कंटाळतो, दाखवायचं विसरतो आणि नुसतं करू लागतो. ब्रेसाँला हवा असायचा तो क्षण हाच. लासालचा चेहरा त्यामुळे कोरा दिसतो. आई गेल्यावर, पोलीस समोर बसल्यावर, मुलगी दारात उभी राहिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर फार काही हलत नाही. एकदाच, आईच्या अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये, त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळतं. तेही चेहरा न बदलता.

आपल्याला नाट्याची सवय असते. नट रडला की आपण रडायचं, हा व्यवहार ठरलेला. इथे चेहरा ते काम करायलाच तयार नसतो. मग प्रेक्षकाचं मन स्वतः धडपडू लागतं: याला काय वाटत असेल? आणि उत्तर शोधायला नजर खाली, हातांकडे वळते. मिशेलचे हात मात्र बोलघेवडे आहेत. ते थरथरतात, आतुर होतात, सराईत होतात, उतावीळ होतात. जी भावना चेहऱ्यावरून काढून घेतली ती ब्रेसाँने बोटांत नेऊन ठेवली आहे.

कॅमेऱ्याचीही तीच गत. ब्रेसाँ एकाच प्रकारचं, पन्नास मिलिमीटरचं भिंग वापरायचा. हे भिंग साधारण आपल्या नजरेइतकंच पाहतं. ना दृश्य ताणून भव्य करतं, ना दूरचं जवळ ओढतं. संगीतही क्वचितच येतं. बरोक काळातलं, दरबारी थाटाचं संगीत, एका कळकट खोलीत राहणाऱ्या चोरासाठी! श्रेयनामावलीत ते लुलीचं म्हणून नोंदवलं आहे, पण प्रत्यक्षात ते जर्मन संगीतकार फिशरचं असल्याचं नंतर कळलं. दृश्य काय वाटायला लावतंय हे संगीत कधीच सांगत नाही. तुम्ही आधीच गोंधळात आहात आणि त्यात ते आणखी एक गंभीर मुद्रा करून उभं राहतं.

निवेदनाची तऱ्हा आणखी विचित्र. मिशेल वहीत लिहिताना दिसतो आणि तेच वाक्य त्याच्या आवाजात ऐकू येतं. मग जे लिहिलं, तेच घडताना दिसतं. एकच गोष्ट तीनदा. पटकथा शिकवणारा कुठलाही मास्तर यावर लाल शाईने रेघ मारेल. पण या तिन्ही वेळा ‘काय झालं’ तेवढंच कळतं, ‘का’ कुठेच नाही. माहिती दुथडी भरून वाहते आणि कारण कोरडं ठणठणीत. याउलट एखादा कथाकार जिथे पंधरा मिनिटं घालवेल, तिथे ब्रेसाँ काही सेकंदांत पुढे जातो. मिशेल पळून मिलान, रोम करत इंग्लंडला पोहोचतो, लंडनमध्ये दोन वर्षं काढतो, मिळवलेलं सगळं जुगारात आणि बायकांवर उधळून कफल्लक परततो. ही दोन वर्षं म्हणजे वहीतल्या काही ओळी! त्या संपतात आणि तो पुन्हा पॅरिसमध्ये असतो.

‘का’ या प्रश्नाभोवती चित्रपटात एक संभाषण आहे. कॅफेत मिशेल इन्स्पेक्टरला विचारतो, की समाजाला ज्यांची गरज आहे अशा असामान्य बुद्धीच्या माणसांना काही वेळा कायदा मोडायची मोकळीक का असू नये? ती माणसं ओळखायची कुणी, असा इन्स्पेक्टरचा सवाल. त्यांनी स्वतःच, असं मिशेलचं उत्तर. हे जग उलटं करणं झालं, असं इन्स्पेक्टर म्हणतो. जग आधीच उलटं असेल तर कदाचित त्याने ते सुलटं होईल, असं मिशेल सुनावतो.

दस्तयेव्हस्कीचे वाचक इथे हसतील. ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला रास्कोल्निकोव्ह हाच सिद्धांत मांडतो. एकटा विद्यार्थी, कोंदट खोली, लांबून वावरणारी आई, मायाळू झान म्हणजे सोन्या, उंदरा-मांजराचा खेळ खेळणारा इन्स्पेक्टर म्हणजे पोर्फिरी. सांगाडा सगळा तोच. ब्रेसाँने कादंबरीचं नाव कुठे दिलेलं नाही. आणि मुख्य वस्तूच बदलून टाकली: कुऱ्हाडीच्या जागी बोटं, खुनाच्या जागी पाकीट. हा बदल वाटतो त्याहून धाडसी आहे. खुनी माणसाला प्रायश्चित्त हवं हे कुणालाही पटतं. खिसेकापूला एवढं मोठं प्रायश्चित्त कशासाठी? इथे लक्षात येतं, की मिशेलचा गुन्हा खिशांपुरता नाही. त्याने आपल्या आईचेही पैसे चोरले होते. पोलिसांत तक्रार गेली होती आणि ती मागेही घेतली गेली होती. आईला भेटायला तो का जात नाही याचा धागा इथे आहे. चोरी करताना तो माणसांच्या इतक्या जवळ जातो, की श्वास लागेल. एरवी त्याला कुणाच्याही जवळ जाता येत नाही. स्पर्शाची भूक आणि स्पर्शाची भीती या दोन्ही एकाच कृतीत भागवणारा हा धंदा आहे.

आई गेल्यावर तो झानला सांगतो, की आपण देवावर विश्वास ठेवला होता, तीन मिनिटं. हे वाक्य तो घड्याळ पाहून वेळ सांगावी तशा सुरात उच्चारतो. कॅथलिक दिग्दर्शकाच्या चित्रपटात धर्माला मिळालेली ही इतकीच जागा!

आता ते शेवटचं मिनिट. मिशेल तुरुंगात आहे. झान भेटायला येते. मधल्या काळात झाकपासून तिला मूल झालंय, लग्न झालेलं नाही, ती एकटी आहे. मिशेल तिच्याशी तुसडेपणाने वागतो. मग ती यायची थांबते. तिचं पत्र येतं: मूल आजारी होतं. ते वाचताना मिशेलचं काळीज जोरात धडधडतं, आणि हेही आपल्याला चेहऱ्यावरून नव्हे तर त्याच्या निवेदनातून कळतं. ती पुन्हा येते. मध्ये लोखंडी जाळी आहे. तो तिच्या कपाळावर ओठ टेकवतो, ती त्याच्या बोटांवर. तुझ्यापर्यंत पोहोचायला मला केवढी विचित्र वाट चालावी लागली, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणतो. संगीत वाढतं. पडदा काळा होतो.

काहींना हा शेवट ओढूनताणून आणलेला वाटतो, आणि त्यांचं म्हणणं अगदी उडवून लावण्यासारखं नाही. या प्रेमाची तयारी कुठे दिसली? खरंच फारशी कुठे दिसली नाही. पण सव्वा तास ब्रेसाँने आपल्याला हातांकडे पाहायला शिकवलं आहे. हे हात आजवर दुसऱ्याच्या कोटात शिरत होते, वस्तू घेत होते आणि स्पर्श कळणार नाही याची काळजी घेत होते. पहिल्यांदाच ते कुणाला तरी धरतात, कळेल असे धरतात. चेहऱ्याने भावना खर्च केली असती, तर या क्षणी खर्चायला काही शिल्लक राहिलं नसतं. ‘पिकपॉकेट’च्या आधीच्या, 1956च्या चित्रपटात ब्रेसाँने जर्मनांच्या तुरुंगातून पळणाऱ्या कैद्याची गोष्ट सांगितली होती. तिथेही चमच्याला धार लावून दार कोरणारे हातच नायक होते. त्यात माणूस बाहेर पडून मोकळा होतो, इथे आत जाऊन. ब्रेसाँ स्वतः महायुद्धात युद्धकैदी होता, हे ध्यानात ठेवून दोन्ही चित्रपट पाहावेत.

पॉल श्रेडर या अमेरिकन तरुणाने 1969मध्ये लॉस एंजलिसमध्ये ‘पिकपॉकेट’ पाहिला. मिशिगनमधल्या कर्मठ कॅल्विनपंथी घरातला हा मुलगा. पौगंडावस्था संपत येईपर्यंत त्याने सिनेमाच पाहिला नव्हता. आता तो विद्यार्थी होता आणि चित्रपट परीक्षणं लिहीत होता. खोलीत बसून वही लिहिणारा एकटा माणूस, एवढ्यावर चित्रपट उभा राहू शकत असेल तर असा चित्रपट आपणही लिहू शकू, असं त्याला वाटलं. 1972मध्ये त्याचं ओझू, ब्रेसाँ आणि ड्रायर या तिघा दिग्दर्शकांवरचं पुस्तक आलं. त्याच सुमाराला त्याचं आयुष्य विस्कटलं होतं: घर नाही, गाडीत झोपायचं, रात्री भटकायचं. पोटातल्या अल्सरमुळे रुग्णालयात गेल्यावर त्याला जाणवलं, की कित्येक दिवसांत आपण कुणाशी बोललेलोच नाही. त्यातून टॅक्सी चालवणारा ट्रॅव्हिस बिकल जन्मला. मार्टिन स्कोर्सेसीने दिग्दर्शित केलेला ‘टॅक्सी ड्रायव्हर’ 1976मध्ये आला आणि कान महोत्सवात पाम दॉर घेऊन गेला. खोली, वही, कोरा आवाज हे सगळं मिशेलकडून आलेलं. बोटांच्या जागी मात्र पिस्तूल आलं आणि प्रायश्चित्ताच्या जागी रक्तपात. ट्रॅव्हिस सुटतो की नाही, याची खात्री आजही देता येत नाही.

जाळीतला तो स्पर्श श्रेडरला सुटला नाही. 1980च्या ‘अमेरिकन जिगोलो’त रिचर्ड गेअर तुरुंगातल्या काचेला डोकं टेकवतो, काचेपलीकडे भेटायला आलेल्या स्त्रीचा हात. 1992च्या ‘लाइट स्लीपर’मध्ये अमली पदार्थ पोहोचवणारा विलेम डफो तुरुंगात, समोर सुझन सॅरंडन, आणि ओठ हातावर. मग 2021चा ‘द कार्ड काउंटर’. ऑस्कर आयझॅकचा विल्यम टेल हा कसिनोंतून पत्ते खेळत फिरणारा एकाकी माणूस. मोटेलच्या खोलीत शिरला की तो सगळं फर्निचर पांढऱ्या कापडात गुंडाळतो आणि वही लिहायला बसतो. पत्ते मोजणं तो लष्करी तुरुंगात शिकला. इराकमधल्या अबू घ्रेब तुरुंगात कैद्यांचा छळ करणाऱ्यांपैकी तो एक होता. 2004मध्ये तिथली छायाचित्रं जगाने पाहिली तेव्हा शिक्षा मुख्यतः खालच्या सैनिकांना झाल्या. चित्रपटातही टेलला छळ शिकवणारा वरिष्ठ मोकळाच राहिला आहे. शेवटी टेल पुन्हा गजाआड जातो. टिफनी हॅडिश भेटायला येते. काचेच्या दोन बाजूंनी दोन बोटं जवळ येतात, आणि श्रेडर ते दृश्य श्रेयनामावली सरकत असतानाही हटवत नाही.

या साऱ्यांत ‘जिगोलो’ची नक्कल मला सर्वांत कच्ची वाटते. गेअरचा चेहरा संपूर्ण चित्रपटभर इतका राबलेला आहे, सूट आणि गाड्या इतक्या चकाकलेल्या आहेत, की काचेवरचा स्पर्श शेवटाला चिकटवलेला वाटतो. ‘कार्ड काउंटर’मध्ये तो लागतो, कारण आयझॅकने दोन तास चेहरा झाकून ठेवला आहे, पांढऱ्या कापडातल्या फर्निचरसारखा. पण इथे एक बोचणारा प्रश्नही आहे. पाकीटमाराला एका स्पर्शाने क्षमा मिळणं आपण मान्य करतो. छळ करणाऱ्याला तीच क्षमा, त्याच मुद्रेत? श्रेडरला हा प्रश्न पडलेला आहे हे दिसतं. तो त्याने सोडवलाय असं मात्र वाटत नाही.

आपल्याकडेही ब्रेसाँ पोहोचला तो पुण्यामार्गे. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेला कुमार शहानी फ्रान्सला गेला आणि 1969च्या ‘युन फाम दूस’साठी थेट ब्रेसाँच्या हाताखाली राबला. ती गोष्टही दस्तयेव्हस्कीचीच. पुण्याचाच विद्यार्थी असलेल्या मणी कौलच्या ‘उसकी रोटी’त चेहरे निर्विकार आणि हात महत्त्वाचे, हे ब्रेसाँचं ऋण उघड आहे. पुढे मणी कौलने त्याच दस्तयेव्हस्कीकथेवर ‘नज़र’ केला. त्या काळी या लोकांना ‘समजत नाही असे चित्रपट काढणारे’ म्हणून बरीच टिंगल सहन करावी लागली. ती टिंगल करणाऱ्यांनी पाकीट मारण्याचं ते स्थानकावरचं दृश्य पाहायला हवं होतं; न समजण्यासारखं त्यात काहीही नाही.

श्रेडर तो शेवट पुन्हा पुन्हा करत राहिला, पण ब्रेसाँने तसं केलं नाही. त्याचा शेवटचा चित्रपट ‘लार्जाँ’, म्हणजे पैसा, 1983चा. तेव्हा तो ऐंशी ओलांडलेला. टॉलस्टॉयच्या एका दीर्घकथेवर तो आधारलेला आहे. एक खोटी नोट हातोहात फिरत तेल पोहोचवणाऱ्या इव्हाँपर्यंत येते आणि त्याचं आयुष्य उद्ध्वस्त करते: नोकरी जाते, तुरुंग होतो, मूल मरतं, आणि बाहेर आल्यावर तो कुऱ्हाड उचलतो. ‘पिकपॉकेट’मध्ये ब्रेसाँने दूर ठेवलेली कुऱ्हाड इथे परत येते. टॉलस्टॉयच्या कथेचा पहिला भाग पाप कसं पसरतं हे सांगतो, आणि दुसरा भाग पश्चात्ताप तसाच माणसामाणसांतून कसा पसरतो ते. ब्रेसाँने दुसरा भाग घेतलाच नाही. इव्हाँ कॅफेत जाऊन पोलिसांपुढे कबुली देतो आणि चित्रपट तिथेच संपतो. कानमध्ये त्या वर्षी त्याला तारकोव्हस्कीबरोबर विभागून पुरस्कार मिळाला.

दोन्ही पाहणार असाल तर ‘पिकपॉकेट’ आधी पाहा. ‘लार्जाँ’ आधी पाहिला तर झानच्या कपाळावर टेकलेल्या त्या ओठांवर विश्वास ठेवणं अवघड जातं.